यादीचे वर्ष आणि परभणीचे वर्ष

(परभणी येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)

परभणी महानगरपालिकेसाठी १९ एप्रिल २०१७ रोजी मतदान झाले. त्यानंतरचे मतदान उजाडायला १५ जानेवारी २०२६ ही तारीख यावी लागली. मधल्या काळात, २०२२ मध्ये, सभागृहाची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आले. नळाला पाणी कधी येणार, रस्त्यावरचा खड्डा कोण बुजवणार, घरपट्टीची तक्रार कोणापुढे मांडायची, हे विचारायला प्रभागात निवडून आलेला माणूस उरला नाही. मे २०१७ मध्ये अठरा वर्षे पूर्ण केलेला परभणीचा मुलगा आपल्या शहराच्या कारभारासाठी पहिले मत देताना सव्वीस वर्षांचा झाला होता.

मित्रहो, इतकी वाट पाहून आलेल्या त्या मतदानात आणखी एक गोष्ट घडली, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तीच आहे. राज्य निवडणूक आयोगाने या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची मतदार यादी ग्राह्य धरली. मतदान १५ जानेवारीला, म्हणजे मध्ये १९८ दिवस. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेली मुलगी, पावसाळ्यानंतर सेलूहून परभणीत राहायला आलेले कुटुंब, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज भरलेला कामगार, यांपैकी कोणालाही परभणीत मत देता आले नाही. प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली, हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा अनेकांना वाटले की आता नाव घालता येईल. पण त्या टप्प्यावर नवे नाव घालण्याची सोयच नसते. एका प्रभागातला मतदार चुकून दुसऱ्या प्रभागात गेला असेल, विधानसभेच्या यादीत नाव असून प्रभागाच्या यादीतून सुटले असेल, लिहिण्यात चूक असेल, तर तेवढी दुरुस्ती होते. मूळ यादी १ जुलैलाच मिटलेली असते.

जिल्ह्यातल्या नगर परिषदांनाही हीच यादी लागू झाली. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ ला होते. तिथे अंतर १५४ दिवसांचे पडले. या तारखेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तारीख मात्र तीच राहिली. विधानसभेची यादी प्रभागांत फोडायची, ती छापायची, हरकती ऐकायच्या, याला वेळ लागतो हे मान्य आहे. सहा महिने लागतात हे मान्य करणे कठीण आहे.

आता लोकसभा आणि विधानसभेकडे पाहू. तिथला नियम वेगळा आणि पुष्कळ उदार आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २३(३) नुसार उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या मतदारसंघाच्या यादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परभणीसाठी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस ४ एप्रिल होता, मतदान २६ एप्रिलला झाले. विधानसभेला अर्जांचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर आणि मतदान २० नोव्हेंबर. दोन्ही वेळा अंतर २२ दिवसांचे.

पण अर्ज दिला आणि नाव लागले असे होत नाही. अर्जावर हरकत घ्यायला लोकांना सात दिवस द्यावे लागतात, मग चौकशी, मग आदेश. म्हणून अर्ज भरण्याच्या मुदतीच्या साधारण दहा दिवस आधी पोचलेल्या अर्जांचाच विचार होतो. विधानसभेच्या वेळी ही तारीख १९ ऑक्टोबर होती. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. ज्या दिवशी बातमी टीव्हीवर आली, गावागावात बोलणे सुरू झाले, त्या दिवसापासून हातात उरले चार दिवस. माणसाला निवडणुकीची आठवण निवडणूक जाहीर झाल्यावर होते, आणि त्यात त्याचा दोष नाही. ऑक्टोबरच्या मध्यात परभणी जिल्ह्यात सोयाबीन खळ्यावर असते. मळणीयंत्राची पाळी लागलेली असते, आभाळ भरून आले की ताडपत्री शोधायची असते. त्या चार दिवसांत तहसीलला खेटा घालणारा शेतकरी विरळाच.

या मुदतीची गोष्ट प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. १९४८ मध्ये, राज्यघटना मंजूर होण्याआधीच, संविधान सभेच्या सचिवालयाने देशभर मतदार याद्यांची तयारी सुरू केली. पहिल्या सूचनांत ठरावीक काळात १८० दिवस त्या जागी राहिल्याची अट होती. फाळणीने उखडलेली लाखो माणसे तेव्हा छावण्यांत होती. त्यांचे १८० दिवस कुठे भरणार? म्हणून त्यांनी इथेच कायम राहण्याचा इरादा आहे असे लिहून दिले की नाव घ्यावे, असे ठरले. कागद माणसाच्या परिस्थितीपुढे वाकवला गेला. पुढे पहिल्या निवडणुकीच्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे दुसरी अडचण आली. उत्तरेतल्या अनेक प्रांतांत बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही; अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशा नोंदी झाल्या. मुदत वाढवूनही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अखेर यादीतून काढावी लागली. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. निजामाच्या राजवटीत सर्व प्रौढांना मत हा अधिकार कधीच नव्हता, त्यामुळे १९५२ ची ती यादी म्हणजे इथल्या शेतमजुराचे, विधवेचे, तांड्यावरच्या माणसाचे नाव राज्यकारभाराच्या कागदावर बरोबरीने येण्याची पहिली वेळ होती.

मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आले ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून. वय खाली आले, तारीख तीच राहिली: त्या वर्षाच्या १ जानेवारीला अठरा पूर्ण हवेत. २०१९ चे उदाहरण घ्या. परभणीत लोकसभेचे मतदान १८ एप्रिलला आणि विधानसभेचे २१ ऑक्टोबरला झाले. २ जानेवारी २००१ ला जन्मलेल्या मुलाला दोन्ही वेळा मत नव्हते. ऑक्टोबरात तो अठरा वर्षे नऊ महिन्यांचा होता.

ग्रामीण मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. इथल्या हजारो माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसायचा, आई सांगायची की हा पोळ्याच्या आसपासचा किंवा त्या मोठ्या पावसाच्या वर्षाचा, आणि गुरुजी प्रवेशाच्या हिशेबात बसेल अशी १ जून लिहून टाकायचे. दाखल्यावर १ जून, म्हणून आधारवर १ जून, म्हणून मतदार यादीतही १ जून. मे महिन्यात आलेल्या निवडणुकीला ही सगळी मुले काही दिवसांनी हुकायची हे एक. पण जूनला अठरा झाल्यावरही यादीत यायला त्यांना पुढच्या १ जानेवारीपर्यंत सात महिने थांबावे लागायचे. २०२१ च्या दुरुस्तीने हे बदलले. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आल्या, आणि सतरा पूर्ण झालेल्याला आधीच अर्ज देऊन ठेवता येऊ लागला. १ जूनवाल्यांची सात महिन्यांची वाट एका महिन्यावर आली. निवडणूक कायद्यातला अलीकडच्या काळातला हा सर्वांत चांगला बदल म्हणावा लागेल, आणि त्याचा गाजावाजा अगदीच कमी झाला. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १८-१९ वयाचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार यादीत होते. या वयाची मुले-मुली देशात चार कोटींच्या वर आहेत. दारे चार झाली तरी निम्म्याहून अधिक मुले अजून बाहेरच आहेत.

परभणीचा खरा प्रश्न मात्र याहून वेगळ्या ठिकाणी आहे.

जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात, गंगाखेड, पालम, सोनपेठच्या बाजूला ऊसतोडीला जाणारी गावे आणि तांडे आहेत. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. ती आजारपणात, लग्नात, जुन्या देण्यात जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात आणि टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सातारा, कर्नाटकच्या सीमाभागाकडे निघतात. उसाच्या फडाशेजारी कोपी उभी राहते. परत येणे हंगामावर. मार्च, एप्रिल, कधी त्याही पुढे. म्हणजे या घरांचे वर्ष साधारण अर्धे-अर्धे वाटलेले असते, अर्धे गावात आणि अर्धे फडावर.

आता यादीचे वर्ष पाहा. दरवर्षीचा विशेष संक्षिप्त पुनरीक्षण कार्यक्रम बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, दावे-हरकती नोव्हेंबर ते डिसेंबरात, अंतिम यादी जानेवारीत. २०२३ मध्ये प्रारूप यादी २७ ऑक्टोबरला लागली होती. म्हणजे नाव तपासायचे, चूक सांगायची, हरकत घ्यायची ते दिवस आणि कोयता घेऊन बाहेर पडण्याचे दिवस नेमके एकावर एक येतात. नोव्हेंबरात अशा तांड्यावर गेलात तर ओळीने कुलपे दिसतात. एखाद्या घरापुढे शेळीला पाला टाकत बसलेली आजी असते, तिच्याजवळ शाळेसाठी मागे ठेवलेली दोन-तीन पोरे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे गावाच्या भाषेत बीएलओ, ही बहुतेक ठिकाणी अंगणवाडी सेविका किंवा जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी. त्यांच्या हातात छापील यादी असते. कुलूप पाहून ते आजीला विचारतात, ही कुठे गेली? आजी म्हणते, गेलीत कारखान्याला. यादीतल्या नावापुढे काय खूण करायची हा त्या क्षणाचा प्रश्न, आणि त्या खुणेवर तीन-चार माणसांचे मत अवलंबून असते.

कायद्याचे उत्तर इथे स्वच्छ आहे. १९५० च्या अधिनियमाचे कलम २०(१अ) सांगते की जो माणूस आपल्या नेहमीच्या राहण्याच्या जागेपासून तात्पुरता दूर आहे, तो केवळ त्या कारणाने तिथला रहिवासी राहत नाही असे होत नाही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब स्थलांतरित नव्हे. ते तात्पुरते बाहेर आहे. पावसाळ्यात ते परत येणार, रेशन इथेच घेणार, पोरांचे लग्न इथेच लावणार. त्याच कलमाची दुसरी बाजूही सांगायला हवी: गावात नुसते घर मालकीचे आहे एवढ्यावर कोणी गावचा रहिवासी ठरत नाही. पुण्यात फ्लॅट घेऊन पंधरा वर्षे राहिलेल्या माणसाचे नाव पालमच्या यादीत असू नये, आणि फडावरच्या माणसाचे असलेच पाहिजे. ज्याचे नाव जायला हवे आणि ज्याचे राहायला हवे, त्या दोघांच्याही दाराला नोव्हेंबरात कुलूपच असते. म्हणून दोघांतला फरक कुलपावरून ठरत नाही. तो जुलैत घरी जाऊन, माणसाशी बोलून ठरतो.

२०२४ च्या विधानसभेने हा पेच पुरता उघडा केला. सरकारने त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचे ठरवले आणि मतदान आले २० तारखेला. नाव यादीत शाबूत असलेल्या ऊसतोड कामगारापुढेही मग दुसरा प्रश्न उभा राहिला: टोळीबरोबर निघायचे की मतासाठी थांबायचे? उचल घेतलेला माणूस थांबायचे स्वतः ठरवू शकत नाही. टपाली मतपत्रिका सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना आहे, ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना घरी मतदानाची सोय आहे. ऊस तोडणाऱ्याला यातले काही नाही. भारत निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल अशी ती योजना होती. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ती मांडली गेली, आक्षेप आले आणि गोष्ट तिथेच थांबली. आक्षेपांत तथ्य नव्हते असे नाही. दुसऱ्या राज्यात आचारसंहिता कोण पाळून घेणार, हा प्रश्न खराच होता. पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, सांगलीच्या कारखान्यावर परभणीच्या मतदाराला मत देता यावे, इतका छोटा प्रयोगसुद्धा झालेला नाही.

२०२४ मध्येच एक आशेची गोष्टही घडली, तिची नोंद घेतली पाहिजे. विधानसभेआधी १ जुलै या अर्हता तारखेवर राज्यात दुसरा पुनरीक्षण कार्यक्रम झाला आणि अंतिम यादी ३० ऑगस्टला लागली. हे सगळे काम पावसाळ्यात, टोळ्या गावात असताना झाले. म्हणजे यंत्रणेला हे जमते. निवडणूक तोंडावर आली म्हणून जमले, एवढेच. दरवर्षी जमायला कायद्याची कुठलीही आडकाठी नाही.

यादीतून सुटणारा दुसरा मोठा वर्ग सुनांचा आहे. एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ. मानवतची मुलगी लग्न होऊन पूर्णेला जाते. माहेरच्या यादीत तिचे नाव वडिलांच्या आडनावाने तसेच राहते, सासरच्या यादीत येत नाही. माहेरी मत द्यायला जायचे तर गाडीभाडे, घरचे काम आणि परवानगी, तिन्ही जमायला हवे. पूर्वी मतदारसंघ बदलला की नव्या नोंदणीचा नमुना ६ भरावा लागे. २०२२ पासून पत्ता बदलायला, नाव दुरुस्त करायला, ओळखपत्र बदलून घ्यायला एकच नमुना ८ आहे. नव्या सुनेचा तो अर्ज घरातला माणूस भरतो का, हे पाहिले पाहिजे. रेशनकार्डात तिचे नाव लगेच चढवले जाते, कारण त्यावर धान्य मिळते. मतदार यादीची आठवण चिठ्ठ्या वाटायला कार्यकर्ता दारात आल्यावर होते, आणि तोवर कलम २३(३) लागू झालेले असते.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर शंभर-दोनशे मीटरवर पक्षांची टेबले लागतात. प्रत्येक टेबलावर यादीचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यावर बोटे फिरवणारी पोरे. एक म्हातारा ओळखपत्र पुढे करतो. नाव सापडत नाही. पोरगा पुन्हा पाहतो, दुसरा भाग पाहतो, शेजारच्या टेबलावर पाठवतो. म्हातारा म्हणतो, अरे कार्ड हाय की माझं! कार्ड असते, नाव नसते. मत कार्डावर मिळत नाही, यादीतल्या नावावर मिळते, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते. उलट नाव असेल आणि कार्ड हरवले असेल, तर आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड, बँकेचे फोटो असलेले पासबुक अशा दुसऱ्या कागदांवर मत देता येते. १७ एप्रिल २०१४ ला पुण्यात कार्ड असून नाव नसण्याचा हा प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. हजारो लोकांची नावे सापडली नाहीत, लोक रस्त्यावर आले. आठवड्याने मुंबईतही तीच ओरड झाली. पण त्या दिवशी कोणाच्याच हाती काही नव्हते: यादी उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवशी गोठलेली होती. पुण्यामुंबईच्या माणसांचा आवाज दिल्लीपर्यंत गेला. पालमच्या म्हाताऱ्याचा आवाज टेबलावरच विरतो.

मतदानाच्या टक्केवारीत ही माणसे दिसत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे. २०२४ ला परभणी लोकसभा मतदारसंघात सुमारे २१ लाख मतदार होते आणि सुमारे ६२ टक्के मतदान झाले. हे ६२ टक्के यादीतल्या माणसांचे आहेत. ज्याचे नावच नाही तो वरच्या आकड्यातही नाही आणि खालच्याही. यादी आखडली की टक्केवारी आपोआप वर चढते. त्यामुळे मतदान वाढले म्हणून आनंद मानण्याआधी यादीत किती माणसे होती हे विचारण्याची सवय वर्तमानपत्रांनीही लावून घेतली पाहिजे.

मुदतीचा आणि मतदानाचा संबंध मोजण्याचे काम अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाले, कारण तिथे नाव नोंदवण्याची जबाबदारी तेव्हा पूर्णपणे नागरिकावर होती आणि प्रत्येक राज्याचा नियम निराळा असतो. स्टीव्हन रोझेनस्टोन आणि रेमंड वुल्फिंगर या अभ्यासकांनी राज्याराज्यांची तुलना करून १९७८ मध्ये निष्कर्ष काढला की सर्व राज्यांनी सर्वांत सोपे नियम ठेवले असते तर मतदानाची टक्केवारी सुमारे ९ अंकांनी अधिक झाली असती. त्यात सर्वांत मोठा वाटा नोंदणी बंद होण्याच्या तारखेचा होता, आणि सर्वाधिक मार कमी शिकलेल्यांना बसत होता. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा खाली आणला, पण दिशा कोणी खोडली नाही. मिनेसोटा राज्यात १९७४ पासून मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नाव नोंदवता येते. पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच केंद्रातला नोंदणी झालेला शेजारी शपथेवर सांगू शकतो की हा इथेच राहतो. ते राज्य मतदानात अमेरिकेत सातत्याने वरच्या क्रमांकांत असते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तिथे निवडणुकीचा अधिकृत आदेश निघाला की यादी बंद व्हायला सात दिवस मिळत. २००६ मध्ये कायदा बदलून नव्या मतदारांसाठी ही सवलत काढली गेली. आदेश निघाला त्याच दिवशी रात्री आठला दार बंद. घाईच्या नोंदणीत खोटी नावे घुसतील असे कारण दिले होते. २०१० च्या निवडणुकीआधी दोन तरुण मतदार तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑगस्ट २०१० ला न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. सुमारे एक लाख लोकांचा त्याच्याशी संबंध होता, आणि मतदान होते २१ ऑगस्टला. पंधरा दिवसांत यंत्रणेने त्यांची नावे यादीत घेतली.

या सगळ्याला विरोधी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. मुदत सैल केली की बोगस नावे येतील, एका वॉर्डातले लोक दुसऱ्या वॉर्डात आणून बसवले जातील, हरकत घ्यायला वेळच उरणार नाही, ही भीती खोटी नाही. नगर परिषदेच्या प्रभागात दहा-वीस मतांनी निकाल फिरतो, तिथे शंभर नावांची भर म्हणजे निवडणूकच बदलली. महाराष्ट्रात लोकसभा ते विधानसभा २०२४ या काळात यादीत सुमारे ४० लाखांची निव्वळ भर पडली. इतकी माणसे आली कुठून, असे विरोधी पक्षांनी विचारले. त्यांतले २६ लाखांहून अधिक १८ ते २९ वयाचे आहेत आणि भर रीतसर प्रक्रियेने पडली, असे आयोगाने सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ ला याच प्रश्नावर मुंबईत मोर्चा निघाला. स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत दुबार नावांपुढे दोन तारे छापावे लागले. यादीवरचा विश्वास ढळला तर नुसती मुदत लांबवून काही साधत नाही.

परंतु दुबार नाव आणि सुटलेले नाव यांचे मूळ एकच असते. घरी जाऊन, माणूस गावात असताना, त्याच्याशी बोलून नोंद झालेली नसते. बिहारमध्ये २०२५ च्या उन्हाळा-पावसाळ्यात विशेष सखोल पुनरीक्षण झाले. ७ कोटी ८९ लाखांच्या यादीतून सुमारे ६५ लाख नावे प्रारूपात आली नाहीत. मृत, दुबार, स्थलांतरित अशी कारणे होती. पण कोणाचे नाव कोणत्या कारणाने गेले हे लोकांना कळायला १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. बिहारही परभणीसारखाच कामासाठी बाहेर जाणाऱ्यांचा प्रदेश आहे. महाराष्ट्राला या पुनरीक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यातून स्थानिक निवडणुकांमुळे वगळले गेले. इथे ते जेव्हा होईल, तेव्हा कोणत्या महिन्यांत होईल हा प्रश्न परभणीने आधीच विचारून ठेवला पाहिजे.

आणि मागण्याही नेमक्या हव्यात. घरोघरची पडताळणी जून ते ऑगस्टमध्ये व्हावी. प्रारूप यादीचे चावडीवाचन टोळ्या निघण्याआधीच्या ग्रामसभेत व्हावे, आणि तांड्यावरचे वाचन तांड्यावर व्हावे, तीन किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीत नव्हे. कुलूपबंद घराची नोंद स्थलांतरित म्हणून करण्याआधी शेजाऱ्याचा आणि मुकादमाचा जबाब घ्यावा. मुकादमाकडे प्रत्येक कोयत्याचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक असतो, त्याला उचल वसूल करायची असते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी मराठवाडाभरची मुले वसतिगृहांत राहतात. प्रवेशाच्या वेळी, बाकीच्या कागदांबरोबर, घरचा पत्ता ठेवायचा की इथला हे विचारून त्यांचा अर्ज भरून घ्यावा. विवाह नोंदणीच्या वेळी नमुना ८ समोर ठेवावा. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने यादीची तारीख मतदानाच्या साठ दिवसांपेक्षा मागे नेऊ नये. प्रभाग फोडण्याचे काम आता संगणकावर होते, त्याला तेवढे दिवस पुरेत.

यातले काही कायदा बदलल्याशिवाय होणार नाही, बरेचसे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पत्राने होईल. आणि तोवर दोन गोष्टी कोणालाही करता येतात. नाव वगळण्याचा आदेश झाला असेल तर त्याविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, तिथे न्याय मिळाला नाही तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील. गावातल्या शिकलेल्या मुलांनी जुलैत एका दुपारी आपल्या मतदान केंद्राची यादी उतरवून घ्यावी, तांड्यावर जाऊन ती मोठ्याने वाचावी, आणि ज्यांची नावे नाहीत त्यांचे नमुना ६ त्याच दिवशी भरून बीएलओच्या हातात द्यावेत, पोच घेऊन.